पाणी, भाजणी आणि काळी बिअर

पोर्टर आणि स्टाउट या काळ्या बिअरच्या दोन मुख्य जाती. दोन्हींचा रंग येतो तो करपण्याच्या अगदी अलीकडे आणून थांबवलेल्या धान्यातून. वीस लिटरच्या एका घाण्याला साडेचार किलोच्या आसपास धान्य लागते आणि त्यातले काळे भाजलेले असते जेमतेम चारशे-पाचशे ग्रॅम. बाकी बहुतेक फिकट माल्ट, म्हणजे मोड आणून, वाळवून, हलक्या आचेवर सुकवलेला जव. तरीही रंग, कडसरपणा, कॉफी-कोकोच्या वळणाचा वास आणि घोट गेल्यावर जिभेवर उरणारा कोरडेपणा हे सारे त्या दहाव्या हिश्श्यातून येते. ग्लास उजेडासमोर धरला की कडेला माणकासारखी लाली दिसते. तळापासून वरपर्यंत निखळ काळी अशी बिअर क्वचितच असते.

घरगुती बिअरवरची पुस्तके बहुधा पाककृतीपासून सुरू होतात आणि पाण्याचा विषय शेवटच्या परिशिष्टात टाकतात. काळ्या बिअरच्या बाबतीत हा क्रम उलटा हवा. फिकट बिअरला जे पाणी बाधते त्यातले काही काळ्या बिअरला मानवते, आणि त्याच पाण्यातले दुसरे काही तिलाही सोसत नाही. हा फरक समजून घ्यायला बुलढाण्यासारखा जिल्हा शोधून सापडणार नाही. घाटावरच्या तालुक्यांत काळ्या खडकातले जड पाणी, घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आणि दक्षिणेला लोणारचे सरोवर. पाण्याची ही तीन रूपे एका दिवसाच्या प्रवासात पाहता येतात. म्हणून या प्रस्तावनेत पाणी आणि धान्य यांना जास्त जागा दिली आहे. उकळणे, आंबवणे, बाटल्या भरणे यांचे तपशील पुढच्या प्रकरणांत सविस्तर येतीलच.

पोर्टर ही अठराव्या शतकातल्या लंडनची बिअर. लाकडाच्या जाळावर सुकवलेल्या तपकिरी माल्टपासून ती होई, मोठ्या पिंपांत महिनोन्‌महिने मुरवली जाई आणि गोदीतले, बाजारातले हमाल ती आवडीने पीत. त्यांच्यावरूनच तिला नाव पडले. १७२२ साली राल्फ हारवूड नावाच्या माणसाने ती शोधून काढली ही गोष्ट फार सांगितली जाते, पण तिला त्या काळातला पुरावा नाही. एका माणसाने एका दिवशी शोधावी अशी ही वस्तूच नव्हती. तिच्यातल्या जास्त कडक प्रकाराला स्टाउट पोर्टर म्हणत. पुढे त्यातले पोर्टर गळले आणि स्टाउट ही वेगळी जात मानली जाऊ लागली. आजही दोघींमधली सीमा पुसटच आहे आणि ती काटेकोर आखण्याच्या भानगडीत न पडलेले बरे.

या बिअरचे रूप पालटले ते दोन साधनांनी. अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रुअरींत घनतामापक आला आणि तपकिरी माल्टपेक्षा फिकट माल्टमधून किती तरी जास्त साखर निघते हे आकड्यांत दिसले. साहजिकच उत्पादक फिकट माल्टकडे वळले, पण गिऱ्हाइकाला रंग तर काळाच हवा होता. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलरने माल्ट भाजण्याच्या फिरत्या पिंपाचे पेटंट घेतले आणि हा पेच सुटला. बहुतेक धान्य फिकट ठेवायचे आणि थोडे पूर्ण काळे भाजायचे, ही आजची रीत तिथून सुरू होते. त्या काळच्या उत्पादनाचा आवाका कळायला एक घटना पुरे. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोडजवळच्या म्यू कंपनीच्या ब्रुअरीत पोर्टरचे महाकाय पिंप फुटले, लाट शेजारच्या गरीब वस्तीत शिरली आणि आठ जणांचा जीव गेला. डब्लिनमध्ये आर्थर गिनेसने १७५९ मध्ये सेंट जेम्सेस गेटची ब्रुअरी भाड्याने घेतली होती. १७९९ मध्ये तिथे एल करणे बंद झाले आणि सगळा भर पोर्टरवर आला. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानात आलेल्या बिअरमध्ये फिकट एलचे नाव आज गाजते, पण छावण्यांतल्या गोऱ्या शिपायांसाठी पोर्टरही मोठ्या प्रमाणावर येत होती.

ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरी बिअर परवान्याशिवाय करता येते. अमेरिकेत ऑक्टोबर १९७८ मध्ये केंद्रीय कायदा बदलला. तिथे एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन अशी मर्यादा आहे आणि विक्रीला मनाई आहे. या देशांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा छंद उघडपणे जोपासता येतो. महाराष्ट्रात तसे नाही. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम, जो आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून ओळखला जातो, परवान्याशिवाय मद्य तयार करण्याला मनाई करतो, आणि ते घरच्यापुरते आहे, विकायचे नाही, म्हणून सूट मिळत नाही. राज्यात कायदेशीर वाट आहे ती परवानाधारक मायक्रोब्रुअरीची. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेली डूलाली ही त्यातली पहिल्या काळातली. बुलढाणा जिल्ह्यातल्या वाचकाने या विषयातला यीस्ट घालण्यापर्यंतचा भाग, म्हणजे पाणी तपासणे, मोड आणणे, भाजणे आणि गोड काढा काढणे, प्रत्यक्ष करून पाहावा. त्यात मद्य नसते. त्यापुढचे ज्ञान परवान्याच्या जागी काम करणाऱ्यांसाठी आणि जिथे कायदा परवानगी देतो तिथल्या घरांसाठी आहे.

विदर्भात ही गोष्ट स्पष्ट लिहिणे आणखी एका कारणाने गरजेचे आहे. घरची दारू म्हटले की इथे डोळ्यांपुढे हातभट्टी येते, आणि गावोगावच्या बायांनी बाटली आडवी करण्यासाठी मतदान मागितले ते हातभट्टीने आणि देशी दुकानाने उद्ध्वस्त केलेले संसार पाहून. सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव जामोद आणि संग्रामपूरकडे, मोहफूल आंबवले जाते ते पुढे भट्टीवर चढवण्यासाठी. बिअरमध्ये ऊर्ध्वपातन नसतेच. आंबणे पूर्ण झाले की काम संपते आणि साध्या स्टाउटमध्ये मद्यार्क चार ते पाच टक्के राहतो. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे दगावली ती दारूत मिसळलेल्या मिथेनॉलने. धान्य आंबवून केलेल्या बिअरमध्ये तो धोका नाही, पण मद्याचे बाकीचे धोके आहेत आणि ते प्रमाणावर ठरतात.

आता पाणी. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असते, पण त्याचे महत्त्व केवळ या आकड्यात नाही. दळलेला माल्ट गरम पाण्यात भिजवला की त्यातली एन्झाइमे पिठूळ भागाचे साखरेत रूपांतर करतात. या अवस्थेला मॅश म्हणतात. मॅशचा पीएच ५.२ ते ५.६ दरम्यान असला तर एन्झाइमे नीट चालतात, काढा स्वच्छ निघतो आणि टरफलातला तुरटपणा टरफलातच राहतो. पीएच मोजण्याची ही मोजपट्टीसुद्धा बिअरच्या प्रयोगशाळेतून आली आहे: १९०९ मध्ये सोरेन्सन यांनी ती कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात निव्वळ फिकट माल्ट भिजवला तर पीएच ५.७ ते ५.८ च्या आसपास येतो. पाण्यातले बायकार्बोनेट तो वर ढकलते, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम खाली ओढतात. भाजलेले धान्य आम्लधर्मी असल्यामुळे तेही खाली ओढते. काळ्या बिअरचे आणि जड पाण्याचे जमते ते एवढ्यासाठी.

लंडनच्या विहिरींचे पाणी चुनखडीतून येणारे, बायकार्बोनेटयुक्त. त्यात फिकट बिअर तुरट आणि बोथट होई, तपकिरी-काळी मात्र साधे. प्लझेनचे पाणी जवळपास क्षारविरहित आणि तिथली बिअर सोनेरी. बर्टनच्या पाण्यात सल्फेट भरपूर आणि तिथला फिकट एल कडू, खणखणीत. डब्लिनचे उदाहरण या यादीत नेहमी दिले जाते, पण ते जरा जपून द्यावे: शहराचे भूजल जड असले तरी गिनेसच्या ब्रुअरीला विकलो डोंगरातले मृदू पाणी मिळते. म्हणजे तत्त्व खरे, पण नकाशावर एकेक बिअर चिकटवून टाकण्याइतके ते सरधोपट नाही.

पाणी कोणत्या बिअरला चालेल याचा अंदाज एका साध्या हिशेबाने येतो. जर्मन रसायनज्ञ पॉल कोल्बाख यांनी तो विसाव्या शतकाच्या मध्याला मांडला. पाण्याच्या अहवालातली एकूण आम्लारिता, म्हणजे आम्लाला निष्प्रभ करण्याची पाण्याची क्षमता, घ्यायची, तिच्यातून कॅल्शियमची कठीणता भागिले साडेतीन आणि मॅग्नेशियमची कठीणता भागिले सात वजा करायची. उरते ती शिल्लक आम्लारिता. तिन्ही आकडे लिटरमागे मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट या एकाच मापात हवेत, आणि आपल्याकडच्या प्रयोगशाळांचे अहवाल बहुधा याच मापात असतात. उदाहरणादाखल घाटावरच्या एका बोअरच्या पाण्यात आम्लारिता ३००, कॅल्शियमची कठीणता १७५ आणि मॅग्नेशियमची १०५ असे धरू. तीनशेतून पन्नास आणि पंधरा गेले, शिल्लक २३५. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात आम्लारितेची इष्ट मर्यादा २०० आणि पर्यायी स्रोत नसल्यास ६०० आहे. म्हणजे हे पाणी पिण्याला चालून जाईल, मात्र काळ्या बिअरलाही ते जास्तच आहे. एक भाग बोअरचे आणि दोन भाग आरओच्या जारचे पाणी मिसळले की सगळे आकडे तिसऱ्या हिश्श्यावर येतात आणि शिल्लक ७८ राहते. पन्नास ते शंभर या पट्ट्यात स्टाउट आणि पोर्टर सुखाने होतात. एवढे करूनही पीएच मोजावाच. तो वर राहिला तर वीस लिटरच्या घाण्याला खाण्यायोग्य लॅक्टिक आम्लाचे दोन-तीन मिलिलिटर पुरतात.

चिखली, मेहकर, बुलढाणा हा घाटावरचा भाग बेसाल्टचा. या खडकातल्या पाण्यात मुख्यत्वे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट असते. असे पाणी उकळले की क्षाराचा पांढरा थर भांड्याला बसतो आणि तेवढी आम्लारिता कमी होते. पाणी निवू देऊन वरचे हलक्या हाताने ओतून घेतले की काम झाले. जुने ब्रुअर रसायनशास्त्र न शिकताही हेच करत. घाटाखाली शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे उतरले की ही युक्ती फसते. पूर्णेच्या गाळातले खारे पाणी सोडियमचे आहे. सोडियम बायकार्बोनेट उकळून खाली बसत नाही, आणि आम्लारितेला तोंड द्यायला त्या पाण्यात पुरेसे कॅल्शियमही नसते. आम्लारिता तीच ३०० आणि कॅल्शियमची कठीणता फक्त ३५ असेल तर शिल्लक २९० वर जाते. वर क्लोराइड आणि सोडियम यांची चव. भाजलेल्या धान्याच्या कडसरपणाशी सोडियमची गाठ पडली की बिअर मचूळ, धातूसारखी लागते. अशा पाण्याला मिसळण नको. पूर्ण आरओचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी घ्यावे आणि त्यात थोडे कॅल्शियम क्लोराइड घालावे. काळी बिअर जड पाण्यात चांगली होते हे वाक्य खारपाणपट्ट्यात अर्धे खोटे ठरते, आणि पुस्तकी नियम गावाच्या पाण्यावर घासून घ्यावा लागतो तो असा.

लोणारचे सरोवर या विषयाच्या टोकाला उभे आहे. त्याच्या काठावर गोड्या पाण्याचे झरे आहेत, त्यातल्या ‘धार’ या झऱ्याचे पाणी बारमाही वाहते, पण सरोवरातून पाणी बाहेर जायला वाट नाही. वर्षानुवर्षे पाणी उडत गेले आणि सोडियमचे कार्बोनेट-बायकार्बोनेट मागे साठत गेले. पीएच दहाच्या घरात पोहोचला. या परिसरात साबण आणि काच करायला लागणारा माल मिळतो अशी नोंद ‘आईन-ए-अकबरी’त आहे. आम्लारिता म्हणजे काय हे धारेजवळचे पाणी आणि सरोवराचे पाणी यांत पीएचची पट्टी बुडवून जितके लख्ख कळते तितके कोष्टकातून कळत नाही.

धान्याकडे वळू. जव, ज्याला सातू असेही म्हणतात, बुलढाण्याचे पीक नाही. इथे सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा, गहू आणि पूर्वीइतकी नसली तरी ज्वारी. देशातला माल्टचा जव मुख्यतः राजस्थान, हरियाणा, पंजाब, उत्तर प्रदेशातून येतो. घाण्याचा मुख्य भाग या जवाच्या माल्टचाच ठेवावा लागतो, कारण पिठाची साखर करणारी एन्झाइमे त्यात मुबलक असतात आणि त्याच्या टरफलांचा थर काढा गाळायला कामी येतो. ज्वारी या दोन्ही बाबतींत उणी पडते. तिला टरफल नाही, मोड आणल्यावरही तिच्यात बीटा-अमायलेझ कमी, आणि तिचे पीठ शिजून मोकळे व्हायला जवापेक्षा जास्त, सत्तर अंशांच्या आसपासचे तापमान लागते. तरी हे अशक्य नाही. नायजेरियाने १९८८ मध्ये जवाच्या माल्टच्या आयातीवर बंदी घातली तेव्हा तिथल्या ब्रुअरी ज्वारीकडे वळल्या आणि तिथला गिनेस स्टाउटही ज्वारीवर होऊ लागला. मात्र त्यासाठी बाहेरून एन्झाइमे घालावी लागतात. घरगुती घाण्यात तो खटाटोप परवडत नाही.

काळे भाजलेले धान्य मात्र एन्झाइमांसाठी घातलेलेच नसते. दोनशेवीस अंशांवर गेलेल्या कोणत्याही दाण्यात एन्झाइम जिवंत उरत नाही. त्याने फक्त रंग, वास, कडसरपणा आणि आम्लता द्यायची असते. आयरिश स्टाउटमध्ये तर हा भाग मोड न आणलेल्या, नुसत्या भाजलेल्या जवाचा असतो. मग त्या जागी भाजलेली ज्वारी का नको? बिअरला काळी करणारा जो दहावा हिस्सा, तोच या जिल्ह्याच्या शेतातून येऊ शकतो. या विषयात बुलढाण्याचे स्वतःचे असे काही घडण्याची जागा इथे आहे, आणि ती कोणी अजून नीट चाचपलेली दिसत नाही.

ज्वारी निवडताना एक काळजी घ्यावी. खरिपाच्या कणसात दाणा भरला आणि नेमका पाऊस आला की दाणा बुरशीने काळा पडतो. बाजारात तो स्वस्त मिळतो आणि काळ्या बिअरलाच तर वापरायचा आहे असे वाटू शकते. तसे मुळीच करू नये. बुरशीची विषे भाजून पुरती जात नाहीत आणि त्या दाण्याचा कुबट वास तयार बिअरपर्यंत जातो. दाणा पांढरा, टपोरा, रब्बीचा असेल तर उत्तम. दुसरी काळजी मोड आणण्याबाबत. ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यात सायनाइड तयार करणारे द्रव्य असते. कोवळ्या ज्वारीत शिरलेले जनावर का दगावते हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. ज्वारीचा माल्ट करायचा झाल्यास मोड आणि मुळ्या पूर्ण वाळवून, चोळून, पाखडून काढाव्यात. नुसती भाजायची असेल तर मोड आणूच नयेत, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही.

भाजणे हा या सगळ्या कामातला सर्वांत जागरूक राहण्याचा भाग. ज्वारीचा दाणा ओलसर असताना तापल्या लोखंडावर पडला की त्याची लाही होते, आणि लाही आतून पांढरीच राहते. म्हणून आधी वीस मिनिटे मंद आचेवर फक्त ओल काढायची. कढई जाड लोखंडी, दाणे एकावर एक दोन थरांपेक्षा जास्त नकोत, हात थांबवायचा नाही. पहिल्यांदा थालीपिठाच्या भाजणीचा वास येतो आणि घरातल्या बाईचा हात सवयीने तिथे थांबू पाहतो, पण काळ्या बिअरसाठी ही पायरी केवळ सुरुवात आहे. आच वाढवली की दाणा तांबूस, मग तपकिरी होतो. दाताखाली फोडला तर आतला गरही त्याच रंगाचा हवा, नुसती साल रंगलेली नको. मग धूर सुरू होतो आणि वास गोडसरपणा सोडून कॉफीकडे झुकतो. इथून पुढे एकेक मिनिट महत्त्वाचे. दाणा स्वतः उष्णता सोडू लागतो आणि गॅस बंद केला तरी भाजणे पुढे सरकते. कारखान्यात या क्षणी पिंपात पाण्याचा फवारा मारतात. घरी दाणे लगेच मोठ्या ताटात पसरून पाण्याचा हलका शिपका द्यावा. रंग गडद चॉकलेटी असताना थांबलेले बरे. कोळशासारखा चकचकीत काळा झालेला दाणा बिअरला राखेची चव देतो आणि ती नंतर कशानेही जात नाही. हे काम अंगणात किंवा खिडकीशी करावे, धूर डोळ्यांत आणि घशात बसतो. ताज्या भाजलेल्या दाण्याचा उग्र दर्प उतरायला आठ-पंधरा दिवस कागदी पिशवीत ठेवून मगच तो वापरावा.

आता एका साध्या कोरड्या स्टाउटचा घाणा. वीस लिटरसाठी फिकट माल्ट ३ किलो, जवाचे पोहे ९०० ग्रॅम आणि काळे भाजलेले धान्य ४५० ग्रॅम. जवाच्या पोह्यांनी बिअरला दाटपणा आणि टिकणारा फेस येतो. माल्ट भरडायचा, पीठ करायचे नाही. मॅश ६६-६७ अंशांवर तासभर. काळे धान्य फार बारीक दळले तर कडवटपणा अंगावर येतो, म्हणून काही जण ते शेवटच्या पंधरा मिनिटांतच घालतात, काही रात्रभर गार पाण्यात भिजवून फक्त तो अर्क वापरतात. सौम्य पोर्टरसाठी ही गार पाण्याची रीत फार चांगली. चोथा धुताना पाणी आम्लारितेचे असेल तर तुरटपणा हमखास उतरतो, तेव्हा धुण्यालाही मिसळलेलेच पाणी हवे. जमलेला काढा तासभर खळखळून उकळायचा आणि उकळी फुटताच पाच टक्के आल्फा आम्लाचे साठेक ग्रॅम हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी फुले, घालायचे. काळ्या बिअरमध्ये हॉप्सचा वास नको, फक्त माल्टचा गोडवा तोलणारा कडूपणा हवा, म्हणून शेवटी हॉप्स घालण्याचे कारण नाही. सुरुवातीची घनता १.०४४ च्या जवळ येते आणि आंबून ती १.०११ वर थांबली की मद्यार्क सव्वाचार टक्क्यांच्या आसपास भरतो.

यीस्टला ऋतू कळतो. एल यीस्टला १८ ते २० अंश मानवतात, आणि आंबताना काढा स्वतः तापून भोवतालच्या हवेपेक्षा तीन-चार अंश वर जातो. बुलढाणा शहर डोंगरावर, त्यामुळे तिथले हिवाळे सौम्य थंड; डिसेंबर-जानेवारीत बंद खोलीत हे तापमान जवळपास आपोआप सांभाळले जाते. मलकापूर, नांदुरा, खामगावकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. तिथे यीस्ट उग्र, नेलपॉलिशसारख्या वासाची द्रव्ये सोडते आणि भाजलेल्या धान्याचा सगळा नाजूकपणा त्याखाली बुडतो. कोरड्या हवेत ओले पोते आणि पंखा यांनी पिंप हवेपेक्षा सात-आठ अंश खाली येते, ही विदर्भातल्या कूलरचीच विद्या आहे; पण पंचेचाळीसमधून आठ गेले तरी सदतीस उरतात. एक तर तापमान सांभाळणारा फ्रीज हवा, नाही तर क्वाइक जातीचे नॉर्वेचे यीस्ट, जे तिशीच्या वरही स्वच्छ आंबवते. परवानाधारक ब्रुअरीत थंडाव्याची टाकी असते म्हणून हा प्रश्न दिसत नाही. खर्चाच्या वहीत मात्र तो दिसतो.

पहिला घाणा साधल्यावर जाती उमगू लागतात. तपकिरी माल्ट आणि थोडा क्रिस्टल माल्ट वाढवला, काळे धान्य निम्म्यावर आणले की पोर्टर होते: बिस्किटासारखी, मऊ, कमी कडसर. ओट्स घातले की ओटमील स्टाउट. त्याचा घोट रेशमी. दुधातली साखर, लॅक्टोज, यीस्टला खाता येत नाही. ती घातल्यावर गोडी शेवटपर्यंत राहते आणि मिल्क स्टाउट होते. दुधाची ॲलर्जी असलेल्याला ते आवर्जून सांगावे. बाल्टिक पोर्टर लागर यीस्टवर थंडीत आंबवतात. परदेशी पाठवायचे एक्स्ट्रा स्टाउट सात टक्क्यांच्या आसपास, आणि रशियाच्या दरबारासाठी जायचे इम्पीरियल स्टाउट आठ ते बारा टक्के. या शेवटच्या जातीला नवख्याने हात घालू नये. दुप्पट धान्य, दुप्पट यीस्ट आणि महिन्यांचा धीर लागतो, आणि अर्ध्यात आंबणे थांबले तर काकवीसारखा गोड काढा पदरी पडतो.

बाटल्या भरण्यापूर्वी घनता तीन दिवस सारखी राहिली पाहिजे. फेसासाठी लिटरमागे चार ते पाच ग्रॅम साखर पुरे. स्टाउटला फार वायू नको. आंबणे अपुरे असताना भरलेली किंवा साखर जास्त पडलेली बाटली उन्हाळ्यात फुटते आणि काच लांबवर उडते. जाड काचेच्या, दाब सोसणाऱ्या बाटल्याच घ्याव्यात, त्या झाकलेल्या खोक्यात आणि घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवाव्यात. चार टक्क्यांची स्टाउट तीन आठवड्यांत तयार होते आणि सहा महिन्यांच्या आत संपवावी. इम्पीरियल वर्षभर मुरली तर भाजलेल्याची धार बोथट होऊन सुक्या मनुक्यांचा स्वाद येतो. पिताना काळी बिअर फ्रीजमधून काढून लगेच ओतू नये. दहा ते तेरा अंशांवर तिचा वास उलगडतो, त्याखाली नुसता कडवटपणा लागतो.